पिंप, पीप, टिपाड, नळी : 'बॅरल' या शब्दासाठी मराठीत काय लिहावे?

अक्षरयात्री (धागालेखक)

मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक मजकुराचे भाषांतर करतो आणि त्यासाठी शब्दांचा कोशही तयार करतो. मागच्या महिन्यात 'बॅरल' हा एकच शब्द आठवडाभरात तीन कामांत समोर आला आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा होता. पहिले काम खनिज तेलाच्या बाजारावरील लेखाचे होते, दुसरे प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचे आणि तिसरे एका खासगी शस्त्रसंग्रहातील बंदुकांच्या पाट्यांचे.

तेलाच्या लेखात मी आपल्या वर्तमानपत्रांच्या प्रथेला अनुसरून 'प्रतिपिंप' असे लिहिले. तो मसुदा माझ्या वडिलांनी वाचला आणि विचारले, "हे पिंप म्हणजे आपल्या मोरीतल्या पिंपाएवढे का?" प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. मोरीतले प्लास्टिकचे पिंप शंभर लिटरचे असते, दीडशेचेही असते. रस्त्याच्या कामावर डांबराची जी लोखंडी पिंपे दिसतात ती साधारण २०० लिटरची असतात. तेलाच्या बाजारातील बॅरल मात्र ४२ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे १५८.९८७ लिटरचे आहे आणि त्यात एका थेंबाचाही फरक चालत नाही. म्हणजे 'पिंप' हा शब्द वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे उभे राहते ते भांडे आहे, आणि लेखाला अभिप्रेत आहे ते माप आहे.

यंत्राच्या पुस्तिकेत तर पिंपाचा काहीच संबंध नव्हता. तिथे बॅरल म्हणजे जाड भिंतीची पोलादी नळी, जिच्यात स्क्रू फिरतो आणि प्लास्टिकचे दाणे वितळतात. बंदुकीचे बॅरल म्हणजेही नळीच. इंग्रजी माणूस भांड्याला, मापाला आणि नळीला एकच शब्द वापरतो. आपण मराठीत हे तीन अर्थ आधीपासून वेगळे ठेवलेले आहेत आणि मला ती आपल्या भाषेची मोठी सोय वाटते. परंतु सीमारेषेवर गोंधळ होतो. आपल्या आपल्या व्यवसायात, गावात आणि घरात या शब्दासाठी काय म्हटले जाते ते सदस्यांनी सांगावे, अशी विनंती आहे.

सागरपार

मी ह्यूस्टन येथे तेल उद्योगात काम करते. मला सर्वप्रथम हे सांगावेसे वाटते की आज खनिज तेलाची वाहतूक बॅरलमध्ये होतच नाही. ते वाहिन्यांतून, टँकर जहाजांतून आणि रेल्वेच्या टाक्यांतून जाते. बॅरल उरले आहे ते केवळ हिशेबात. आमच्या कार्यालयात दिवसभर बॅरलचे आकडे बोलले जातात, पण कित्येक सहकाऱ्यांनी तेलाने भरलेले लाकडी बॅरल आयुष्यात पाहिलेले नाही.

मापाची कथा अशी आहे. २७ ऑगस्ट १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. तेल साठवायचे कशात, याची कोणतीच तयारी नव्हती, म्हणून व्हिस्की, मीठ, मासे, टर्पेंटाइन अशा कशाचीही लाकडी पिंपे गोळा करून त्यांत तेल भरले गेले. प्रत्येकाचे आकारमान वेगळे असल्याने खरेदीदार आणि विक्रेते यांच्यात सतत तंटे होत. शेवटी १८६६ साली तिथल्या उत्पादकांनी ठरवले की ४० गॅलनचा दर लावायचा आणि वाटेतल्या गळतीची भरपाई म्हणून वर २ गॅलन द्यायचे. आपल्याकडे दूधवाला माप भरून झाल्यावर वर थोडी धार सोडतो, तसाच हा प्रकार होता. ४२ गॅलन तेलाने भरलेले पिंप तीनशे पौंडांहून अधिक भरते. एक धडधाकट माणूस ते कलते करून गडगडवत नेऊ शकतो, त्याहून मोठे झाले तर नाही. त्या काळी तेलाचा भाव कोसळला की आतल्या तेलापेक्षा रिकाम्या पिंपाचीच किंमत अधिक होई.

ज्याला आपण आज लोखंडी पिंप म्हणतो ते ५५ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे २०८ लिटरचे असते आणि त्याचा जन्म बराच नंतरचा आहे. ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पत्रकार नेली ब्लाय यांच्या कारखान्यात पोलादी पिंपे बनत असत, आणि तेथील हेन्री वेऱ्हान या अभियंत्याला त्यासंबंधीचे एकस्व (पेटंट) १९०५ साली मिळाले. म्हणून तेलाच्या बातमीबरोबर रंगवलेल्या लोखंडी पिंपांचे छायाचित्र छापले जाते ते मापाच्या दृष्टीने चुकीचे असते. त्या छायाचित्रातील पिंपात बातमीतले सव्वा बॅरलहून अधिक तेल मावेल.

आणखी एक गोष्ट. भारतात तेलाच्या उत्पादनाचे सरकारी आकडे टनांत दिले जातात आणि भाव बॅरलमध्ये. सरासरी घनतेच्या तेलासाठी एका मेट्रिक टनाला सुमारे ७.३३ बॅरल धरतात. भाषांतर करताना हा सांधा जपावा लागतो, कारण टन हे वजन आहे आणि बॅरल हे आकारमान.

मांडवीकाठ

सागरपार यांचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. मी शब्दाच्या दुसऱ्या टोकाकडून येतो. आपला 'पीप' किंवा 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पीपा' या शब्दावरून आला आहे. आमच्या गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले भाषाभ्यासक मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. तशा यादीवरून नजर फिरवली की लक्षात येते की भांडी आणि त्यांचे भाग यांची किती नावे आपण त्या भाषेकडून घेतली आहेत. बालदी तिथलीच, घमेले तिथलेच आणि पिंपाच्या तोंडाला जे बूच मारतात ते बूचही तिथलेच. धाग्यात बंदुकीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो, काडतूस हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला आहे.

पिंप आणि पीप ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. अनुस्वार मागाहून आला असावा, असे मूळ शब्दाकडे पाहता वाटते. मर्ढेकरांच्या सर्वांना ठाऊक असलेल्या कवितेच्या आरंभी 'पिपात' असा जो शब्द येतो, तो बिनअनुस्वाराच्या पीप या रूपाचा आहे. पिंपळ आणि पिंपरी यांच्याशी मात्र या शब्दाचे कसलेही नाते नाही, कारण ती नावे झाडाची आहेत.

मला स्वतःला जे सर्वांत मौल्यवान वाटते ते पुढे आहे. पोर्तुगीज 'पीपा' आणि इंग्रजी 'पाइप' हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ लॅटिनमधील चिवचिवाट करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे. त्यावरून आधी पावा किंवा बासरी, मग कोणतीही नळी आणि मग लांबट लाकडी पीप, असा अर्थ सरकत गेला. म्हणजे घरी नळाला पाइप लावून त्याचे दुसरे टोक आपण पिंपात सोडतो, तेव्हा एकाच शब्दाची दोन रूपे दोन हातांत धरलेली असतात.

आता 'बॅरल' या शब्दाचा प्रवास पाहा. तो आधी पीप होता आणि सतराव्या शतकात बंदुकीची नळी झाला. पाइप नळीकडून पिंपाकडे गेला, बॅरल पिंपाकडून नळीकडे आला. दोन शब्द एकाच वाटेने उलट दिशांना चालत गेले आहेत. हे पाहिल्यावर 'पिंप की नळी' हा धागालेखकांचा गोंधळ केवळ भाषांतरकाराचा राहत नाही, तो मूळ शब्दांतच आहे.

पीपा हे पोर्तुगालमध्ये भांड्याचे तसे मापाचेही नाव आहे. पोर्ट वाइनचा व्यवहार आजही साधारण ५५० लिटरच्या पीपात मोजला जातो. मदेरा बेटावरील वाइन तर पिंपांत भरून मुद्दाम भारतापर्यंत पाठवत आणि परत नेत, कारण उष्ण समुद्रावरील हेलकाव्यांनी तिची चव सुधारते असा अनुभव होता. ही पिंपे इकडच्या बंदरांना लागत होती, हमाल ती गडगडवत होते, आणि वस्तूबरोबर तिचे नावही धक्क्यावर उतरत होते.

अक्षरयात्री

मांडवीकाठ, आपण दिलेल्या सूत्रावरून मी थोडा हिशेब करून पाहिला आणि जे हाती आले ते इथे मांडतो.

इंग्लंडमध्ये तिसऱ्या रिचर्डच्या काळात, १४८३-८४ च्या सुमारास, वाइनच्या पिंपांची मापे कायद्याने ठरवली गेली. सर्वांत मोठे पीप 'टन', त्यात २५२ गॅलन. त्याच्या निम्मे 'पाइप', १२६ गॅलन. पाइपचा तिसरा हिस्सा 'टिअर्स', ४२ गॅलन. आणि 'बॅरल' नावाचे वाइनचे पीप साडेएकतीस गॅलनचे. म्हणजे पेनसिल्व्हेनियातील तेलवाल्यांनी ज्या ४२ गॅलनना बॅरल म्हटले, ते आकाराने जुने 'टिअर्स' होते, बॅरल नव्हतेच. अमेरिकेचा गॅलन हा जुना इंग्रजी वाइन गॅलनच असल्याने ही तुलना नुसती नावापुरती नाही, आकारमानातही ती जुळते.

आता, पाइप म्हणजेच पीपा आणि पीपा म्हणजेच आपले पिंप. एका पाइपमध्ये तीन टिअर्स. म्हणून शब्दाच्या मुळाशी जाऊन काटेकोर अर्थ लावायचा ठरवला, तर एक पिंप म्हणजे तेलाचे तीन बॅरल, सुमारे ४७७ लिटर! 'प्रतिपिंप' लिहिताना आपण नकळत भाव तिपटीने स्वस्त सांगतो आहोत. हे मी व्यवहारासाठी म्हणत नाही, कारण शब्द मुळाप्रमाणे चालत नाहीत, वापराप्रमाणे चालतात. पण माझ्या वडिलांच्या प्रश्नाला आता तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत, हे पाहून मला मनापासून समाधान वाटले.

सागरपार यांनी टन आणि बॅरल यांच्यातील फरक सांगितला. तोही इथे येऊन मिळतो, कारण जहाज किती पिंपे वाइन नेऊ शकते यावरून जहाजाची क्षमता मोजत, आणि त्याच 'टन' नावाच्या पिंपावरून पुढे वजनाचा टन आला. तेलाचे उत्पादन टनांत आणि भाव बॅरलमध्ये सांगताना आपण दोन्हीकडे लाकडी पिंपांचीच नावे घेत असतो.

मराठीनिष्ठ

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला 'प्रतिपिंप' या शब्दाची बाजू घ्यायची आहे. तो शब्द मराठी वृत्तपत्रांत अनेक वर्षे रुळलेला आहे. वाचक बातमी वाचताना लिटर मोजत नसतो, कालच्यापेक्षा भाव वाढला की उतरला एवढेच त्याला हवे असते. आणि मापाच्या नेमकेपणाचाच आग्रह धरायचा, तर 'बॅरल' हा शब्द तरी कुठे नेमका आहे? ब्रिटनमध्ये बिअरचे बॅरल ३६ ब्रिटिश गॅलनचे, जवळपास १६४ लिटरचे, अमेरिकेत बिअरचे बॅरल ३१ अमेरिकी गॅलनचे, साधारण ११७ लिटरचे. बोर्दो येथील वाइनचे पीप २२५ लिटरचे. इंग्रजी वाचकही 'बॅरल' म्हटल्यावर काही ठरावीक लिटर डोळ्यांसमोर आणत नाही, तो संदर्भावरून समजून घेतो. मग मराठी वाचकाने 'पिंप' हा शब्द संदर्भावरून समजून घेतला तर बिघडले कोठे? आपल्याकडेही शेर आणि मण प्रांताप्रांतांत निराळे होते आणि त्यांवर शेकडो वर्षे व्यवहार झाले.

परका शब्द जसाच्या तसा घेणे सोपे असते. पोर्तुगीज शब्द पचवून आपण त्याचे पिंप केले, त्याला नपुंसकलिंग दिले, अनेकवचनी पिंपे केले, पिंपाएवढा माणूस असा वाक्प्रचारही केला. ज्या शब्दावर एवढे संस्कार झाले त्याला बाजूला सारून पुन्हा नव्याने बॅरल घेण्याची मला गरज दिसत नाही.

सागरपार

मराठीनिष्ठ यांचा मुद्दा मला मान्य आहे, पण अर्धाच. बिअरचे, वाइनचे बॅरल हे प्रत्यक्ष भांडे आहे, त्याला हात लावता येतो, त्यामुळे तिथे पीप किंवा पिंपच लिहावे. बर्बन व्हिस्कीसाठी ओकच्या लाकडाचे, आतून जाळून कोळसा केलेले नवे पीप कायद्यानेच लागते, आणि तिथे पीप हा शब्द अगदी चपखल बसतो. तेलाचे बॅरल हे भांडे उरलेलेच नाही. किलोग्रॅमला आपण 'धोंडा' म्हणत नाही, तसे एककाला भांड्याचे नाव देऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे. शेर आणि मण ही मुळातच मापांची नावे होती, म्हणून त्यांची तुलना इथे पुरती लागू होत नाही.

माणदेशी

आमच्या भागात पिंप हा शब्द पुस्तकातच वाचायला मिळतो. लोखंडी मोठ्या पिंपाला आम्ही 'टिपाड' म्हणतो. डांबराचे रिकामे टिपाड आणायचे, आत जाळ करून ते स्वच्छ करायचे, वरचे झाकण छिन्नीने कापून काढायचे आणि दाराशी पाण्याला ठेवायचे, हे माझ्या लहानपणी घरोघर होत असे. कापलेल्या काठाने हात चिरू नये म्हणून वडील तो काठ हातोडीने आत वळवून घेत. हल्ली निळे प्लास्टिकचे पिंप आले आहे आणि त्याला तरुण मुले सर्रास 'बॅरल' म्हणतात. म्हणजे आमच्याकडे टिपाड लोखंडाचे आणि बॅरल प्लास्टिकचे, असा फरक आपोआप पडला आहे.

दुष्काळात टँकर येतो तेव्हा या मापालाच अर्थ असतो. घरटी किती टिपाडे भरायची यावर गावात बोलणे होते, लिटरचा उल्लेखही कोणी करत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. वर्तमानपत्रात तो आकडा वाचून माझ्या आजीला काही उमगले नाही. मी तिला "अडीच हजार टिपाडे" असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या शहराला?" आकडा तिला त्याच क्षणी कळला होता. म्हणून धागालेखकांना माझी विनंती आहे की कोशात 'टिपाड' हा शब्द अवश्य घ्यावा आणि त्याला ग्राम्य असा शेरा मारू नये.

टिपाडाला मधे दोन उभारलेली कडी असतात, ती शोभेसाठी नसतात. त्यांच्यामुळे पत्रा दबत नाही, आणि टिपाड आडवे करून गडगडवले की ते त्या दोन कड्यांवरच चालते, त्यामुळे एकटा माणूस ते वळवू शकतो.

दुर्गवाट

माणदेशी यांनी कड्यांचा उल्लेख केला आणि मला हवे असलेले दार उघडले. लाकडी पीप कसे बनते ते आधी पाहू. मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या केलेल्या लाकडी फळ्या वर्तुळात उभ्या करतात, त्यांना शेक देऊन वाकवतात आणि बाहेरून धातूची कडी ठोकून बसवतात. आत खिळा नसतो, डिंक नसतो. कड्यांच्या आवळण्यावर सारे पीप उभे असते आणि ओलाव्याने लाकूड फुगले की सांधे आणखी घट्ट होतात.

युरोपातील आरंभीच्या मोठ्या तोफा याच रीतीने बनत. लोखंडाच्या लांब पट्ट्या फळ्यांसारख्या गोलाकार मांडायच्या आणि त्यांवर तापवून लाल केलेली लोखंडी कडी चढवायची. कडी थंड होताना आक्रसतात आणि पट्ट्यांना आवळून धरतात. एडिंबरा किल्ल्यावरील १४४९ सालची 'मॉन्स मेग' ही तोफ अशीच आहे. १६८० साली सलामी देताना तिची कडी फुटली, आणि तो फुटका भाग आजही पाहता येतो. तोफेच्या आणि पुढे बंदुकीच्या नळीला इंग्रजीत बॅरल का म्हणतात, याचे प्रचलित स्पष्टीकरण हेच आहे.

आपल्याकडे हीच पद्धत होती. तंजावरची सुमारे आठ मीटर लांबीची लोखंडी तोफ पट्ट्यांवर कड्यांचे थर चढवून घडवलेली आहे, आणि ती ओतीव नाही हे जवळून पाहिल्यावर सहज कळते. याउलट विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथे ओतली गेली, त्यामुळे तिच्या अंगावर कडी चढवण्याचे कारणच नव्हते.

आता मराठी शब्दाकडे येतो. अशा कड्यांच्या तोफांना आपल्या दुर्गप्रेमी मंडळींत 'बांगडी तोफ' असे म्हणतात. जंजिऱ्यावरील प्रसिद्ध तोफेचे नावही कलाल बांगडी. कडी आवळून धरण्याची तीच कृती पाहून इंग्रजाला पीप आठवले आणि मराठी माणसाला मनगटावरची बांगडी आठवली. कारण उघड आहे, कड्यांची लाकडी पिंपे बनवणारा कारागीर आपल्या गावगाड्यात नव्हता. आपले पाणी रांजणात, धान्य कणगीत आणि तेल बुधल्यात राहत होते. वस्तू बाहेरून आली म्हणून तिचे नाव बाहेरचे, पण कड्यांची तोफ लोकांच्या डोळ्यांसमोर होती, म्हणून तिला घरातला शब्द मिळाला. मला हा शब्द मराठीतील फार सुंदर शब्दांपैकी एक वाटतो.

बंदुकीसाठी नळी हाच शब्द योग्य आहे. दोन नळ्यांची ती दुनळी. गावाकडे 'बारा बोअरची' म्हणतात, त्यातील बारा हा आकडाही मापाचाच आहे: नळीच्या तोंडात बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. त्यावरून नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर येतो.

लेथसमोर

मी पिंपरी येथे प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात पंचवीस वर्षे काढली आहेत. यंत्राच्या पुस्तिकेत कृपया 'नळी' लिहू नका. कामगार नळी म्हटल्यावर पाण्याची किंवा हवेची नळी समजेल. आमच्याकडे तो बॅरलच आहे, आणि तो पुल्लिंगी आहे. 'बॅरल तापला का', 'बॅरल झिजला आहे, माल कमी पडतो' असेच बोलले जाते. बॅरलवर ठरावीक अंतराने हीटरचे पट्टे आवळलेले असतात आणि दुर्गवाट यांचे वाचताना तेच माझ्या डोळ्यांसमोर आले. आमच्या बॅरललाही बांगड्या आहेतच.

कारखान्यात हा शब्द आणखी काही ठिकाणी येतो. लेथच्या टेलस्टॉकमधून चाक फिरवल्यावर पुढे सरकणारा दंड तो टेलस्टॉकचा बॅरल. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या रेघा असतात त्या भागालाही बॅरल म्हणतात. मुलामा देण्याच्या कामात तर बॅरल पुन्हा पिंप होते: लहान स्क्रू आणि वॉशर एकेक टांगणे शक्य नसते, म्हणून ते भोकाभोकांच्या पिंपात भरून ते पिंप रसायनाच्या टाकीत फिरवत ठेवतात. इथे मात्र आमचे लोक 'ते बॅरल' असे नपुंसकलिंगी म्हणतात. मी याचा पूर्वी कधी विचार केला नव्हता, पण आज लक्षात आले की नळीसारखा असेल तर 'तो' आणि भांड्यासारखे असेल तर 'ते'. कोणी शिकवले नाही, तरी कामगारांनी दोन अर्थ लिंगाने वेगळे केले आहेत.

मृदंगप्रिय

आकाराविषयी थोडे. वाद्यांच्या इंग्रजी वर्गीकरणात मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या तालवाद्यांना 'बॅरल' आकाराची म्हणतात आणि मराठी लेखांत त्याचे 'पिंपाच्या आकाराचे' असे भाषांतर केलेले मी पाहिले आहे. ते मला पटत नाही, कारण आजच्या वाचकाच्या मनातले पिंप सरळ उभ्या भिंतींचे असते, त्याला पोट नसते. शिवाय आपल्याजवळ जुना आणि नेमका शब्द आहे. नाट्यशास्त्रात मृदंगाच्या तीन प्रकारांचे आकार सांगितले आहेत. आंकिक हा हरीतकीच्या, म्हणजे हिरड्याच्या आकाराचा, ऊर्ध्वक हा यवाच्या, म्हणजे जवाच्या दाण्यासारखा, आणि आलिंग्य हा गोपुच्छाच्या आकाराचा. मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता तो यवाकृती. पिंपे येण्याच्या कितीतरी आधी भरताने हा आकार धान्याच्या दाण्यात पाहिला होता. वाद्यांविषयी लिहिताना 'यवाकृती' हा शब्द वापरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतालाही इंग्रजी पुस्तके बॅरलच्या आकाराचे म्हणतात. तिथे उलटी स्थिती आहे. छताला पोट नाही, ते अर्ध्या नळकांड्यासारखे आहे, आणि आतल्या लाकडी फासळ्या कड्यांसारख्या दिसतात. तिथे 'अर्धनळकांड्याचे छत' म्हटले तर वाचकाला अधिक कळेल.

मराठीनिष्ठ

मृदंगप्रिय यांच्या प्रतिसादामुळे माझे मत थोडे बदलले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पोट, नळी, कडी आणि माप या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेखकाला त्यांतली नेमकी कोणती म्हणायची आहे ते पाहूनच शब्द निवडावा लागेल. तरीही बातमीत 'प्रतिपिंप' राहू द्यावे, असे मला अजून वाटते. लेखाच्या आरंभी एकदा लिटर सांगितले की पुरे.

वाक्प्रचारांबाबत मात्र कोणी पिंप आणू नये. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' हे बंदुकीचे तीन भाग, म्हणजे चाप, दस्ता आणि नळी. त्याला आपण 'चंबूगबाळ्यासकट' म्हणतो. बॅरलचा तळ खरवडण्याविषयी इंग्रज बोलतो, तेव्हा आपल्याला दुधाच्या पातेल्याची खरवड आठवते, आणि ती तर आपण आवडीने खातो. म्हणून तिथे 'उरलेसुरले गोळा करणे' हेच बरे.

अक्षरयात्री

सर्वांचे आभार. आपल्या चर्चेनंतर मी तिन्ही कामे पुन्हा हाती घेतली. तेलाच्या लेखात 'बॅरल' लिहिले आणि पहिल्याच उल्लेखाला 'एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर' असे जोडले. लेथसमोर यांच्या सांगण्याप्रमाणे यंत्राच्या पुस्तिकेत 'तो बॅरल' ठेवला. कोशात 'टिपाड' घेतला आहे, कोणताही शेरा न मारता. वडिलांना सांगितले की मोरीतल्या आपल्या दीडशे लिटरच्या पिंपात एक बॅरल तेल ओतले, तर नऊ लिटर बाहेर सांडेल. त्यांनी लगेच विचारले की मग त्याला दीडशेचे पिंप का म्हणायचे, एक बॅरलचे का नाही.

शस्त्रसंग्रहाच्या पाट्यांचे काम तेवढे राहिले आहे. एका बंदुकीला शेजारी शेजारी दोन नळ्या आहेत आणि ती तोंडाकडून दारू भरण्याची आहे. दुर्गवाट, आपण पाटीवर काय लिहाल?

दुर्गवाट

'ठासणीची दुनळी बंदूक'. तिच्याखाली नळीची लांबी आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये द्यावा. नळ्यांच्या खाली दारू ठासण्याचा गज जागेवर असेल, तर त्याचीही नोंद करावी, कारण अशा बंदुकांचा गज बहुधा हरवलेला असतो.